सोलापुरात शिडाची लाकडी होडी बांधायचीय, लाकूड, शीड आणि शिदोरी याबद्दल सांगा

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. लिहू का नको करत आठ दिवस काढले, आज लिहितोच. मी सोलापूरचा, वय 52, सुतारकाम घरचं. आजोबा आणि वडील मोहोळकडं बैलगाड्या करायचे, तुंबा, आरे, वर लोखंडी धाव चढवणं, सगळं घरच्या अंगणात. गाड्या बंद पडल्या तसं आम्ही दारं-खिडक्यांवर आलो आणि आता प्लायवूडचे किचन. पोट भरतंय, पण वाकस (लाकूड तासायचं हत्यार) हातात धरून लाकडाला आकार द्यायचं काम कित्येक वर्षांत केलं नाही त्याची रुखरुख आहे.

आपल्या नौदलाचं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज पोरबंदरहून 29 डिसेंबर 2025 ला निघालं आणि 14 जानेवारी 2026 ला मस्कतला पोचलं, इंजिन नाही, खिळा नाही, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. ती बातमी बघून रात्री झोप लागली नाही. अजिंठ्याच्या भिंतीवरचं चित्र बघून जहाज होतं तर एक होडी आपल्याच्यानं का होऊ नये?

तर ठरवलंय असं. 16 फुटी होडी, रुंदी साडेचार फूट, एक डोलकाठी, एक शीड. बांधायची सोलापुरात, पहिलं पाणी उजनी धरणाचं. नीट जमली तर ट्रकवर घालून विजयदुर्गला न्यायची आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्यानं मालवण, तिघं जण, चार दिवस, जेवण सगळं सोलापूरचं बरोबर घेऊन. विचारायचं हे की लाकूड कुठलं घ्यावं, आपल्या कोरड्या हवेत बांधलेली होडी टिकेल का, शिडाला कापड कुठलं आणि शिदोरीत काय न्यावं. ज्याला जे माहीत असेल ते सांगा.

लूमवाला
अण्णा एक नंबर! कापडाचं मी बघतो की. पण चादरीचं शीड करू नका हां, काल दोस्ताला सांगितलं तर तो तेच म्हणूलाला, सोलापुरी चादरीचं शीड झळकेल म्हणून. चादरीचा विणावा सैल असतोय, वारा आरपार जातोय आणि भिजली की जड. घट्ट विणीचं मांजरपाट नाहीतर कॉटन डक, म्हणजे जाड सुती कापड, पाहिजे.

बाळीवेस
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. फायबरची तयार होडी घ्या आणि त्यावर शीड लावा. दरवर्षी डागडुजी नाही, वाळवी नाही, तडा नाही. लाकडाची हौस आहे ती कळते, पण होडी ही शोभेची वस्तू नाही, त्यात माणसं बसणार आहेत.

चंद्रभागेचा_लेक
बाळीवेस साहेब, फायबरला नावं ठेवत नाही, पण लाकडाची होडी धोक्याची हे पटलं नाही. आमची लाकडी होडी पंढरपुरात वाळवंटापासून पलीकडं वारकरी नेते, माझ्या आधी वडील, त्यांच्या आधी आजोबा.

भीमाकाठ दादा, आमच्याकडं डागडुजी कशी होते ते सांगतो, तुम्ही सुतार आहात म्हणजे लगेच कळेल. आषाढीच्या आधी होडी वर ओढून पालथी घालायची. आठवडाभर वाळली की जुनी फट उघडी पडते, ती पातळ छिन्नीनं खरवडून साफ करायची, आतलं जुनं काळं सगळं निघालं पाहिजे. मग कापसाची वात करायची, समईच्या वातीपेक्षा जाड, तेलात भिजवून पिळून घ्यायची आणि बोथट छिन्नीनं हळूहळू फटीत ठोकायची. ठोकताना आवाज ऐकायचा. सुरवातीला पचपच येतो, वात बसत आली की टणक आवाज यायला लागतो, तिथं थांबायचं. हौसेनं आणखी दोन ठोके घातले की फळीच फाकते. एकदा मी तसं केलं होतं, वडील बोलले काहीच नाहीत, नुसती छिन्नी हातातून काढून घेतली. त्यावर डांबर. पूर्वी राळ आणि तेल उकळून लावायचे असं आजी सांगायची.

आमची होडी सपाट बुडाची, उथळ पाण्यात बांबू टेकून ढकलायची. शीड नाही. त्यामुळं शिडाचं मला विचारू नका.

भीमाकाठ
लेका, आवाजाचं सांगितलंस ते लाख मोलाचं. चाकाच्या तुंब्यात आरा ठोकताना वडील हेच सांगायचे, कानानं ठोक म्हणून. दोन्ही कामं एकच निघाली.

सिंधुसागर
देवगडकडचा आहे, नोकरीनिमित्त पुण्यात. आमच्या घरात मचवे, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्या, बांधले जायचे, मी लहानपणी हाताखाली होतो. जरा सविस्तर लिहितो.

लाकूड. तळाचा कणा आणि फळ्या सागवानाच्या असतील तर उत्तम, सागात तेल असतं म्हणून पाण्यानं कुजत नाही, किडा लवकर लागत नाही आणि आत ठोकलेला लोखंडी खिळाही बराच काळ चांगला राहतो. बजेट कमी असेल तर कोकणात ऐन, किंजळ, आंबा, फणस पण वापरतात, पण आंब्याला दरवर्षी तेल पाजावं लागतं नाहीतर संपला. सागवान आणताना वाहतुकीचा पास बघून घ्या.

बरगड्या. इथं तुम्ही नशीबवान आहात. आतल्या वाकड्या बरगड्या सरळ लाकूड कापून करायच्या नसतात, रेषा आडवी कापली की तिथंच मोडते. झाडाचं जे खोड किंवा फांदी मुळातच त्या वळणाची वाढली आहे ती शोधायची. गुजरातेत त्यासाठी देशी बाभूळ वापरतात आणि तुमच्या सोलापुरात बांधाबांधावर बाभूळ आहे. वेडी बाभूळ नव्हे, गावठी. रामकाठी पण नको, ती सरळ वाढते. पुठ्ठ्याचे आकार कापून घेऊन शेतात फिरा आणि फांद्यांना लावून बघा.

आता खरी अडचण, कोरडी हवा. तुमच्याकडं एप्रिल-मेमध्ये 43-44 डिग्री. त्या हवेत लाकूड पार सुकून आखडतं. अशा सुकलेल्या फळ्या घट्ट बसवून होडी केलीत आणि पाण्यात टाकलीत की त्या फुगणार, फुगायला जागा नाही म्हणून एकमेकींना ढकलणार आणि खिळे उपसणार. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, एका हॉटेलवाल्यानं घाटावर, म्हणजे तुमच्या देशाकडं, बांधून आणलेली होडी. उलट बाजूनं, होडी झाल्यावर वर्षभर शेडमध्ये कोरडी ठेवलीत तर फटी बोटभर उघडतात.

म्हणून माझं मत असं की सोलापूर शहरात शेडमध्ये बांधू नका. पाण्याकाठी बांधा.

भीमाकाठ
हे डोक्यातच नव्हतं. आणि असायला पाहिजे होतं, आम्ही दार बसवताना हेच करतो की, उन्हाळ्यात बसवलेलं दार जुलैत लागत नाही म्हणून आधीच झिरी ठेवतो. मग फळ्यांत पण झिरी ठेवायची का?

सिंधुसागर
केसभर, आणि ती कापसानं भरायची. लेकानं सांगितलं तशी. वर रोज संध्याकाळी ओली पोती टाकायची. आमचे आजोबा म्हणायचे, पयल्यांदा पाण्यात टाकलास काय गळतलीच, भिया नको. एक-दोन दिवस उथळ पाण्यात बुडवूनच ठेवायची, लाकूड पाणी प्यालं की फटी आपोआप मिटतात, मग पाणी उपसून काढायचं.

इतिहासवेडा
विषयाला जरा धरून, जरा सोडून. मुंबईत वाडिया कारागिरांनी मलबारच्या सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज 1817 सालचं आहे आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. बाळीवेस, दोनशे वर्षं झाली साहेब लाकडाला.

आणि आंबा-फणसाचं निघालं म्हणून, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट आहे की सागवानासारखी झाडं हुजुरात विचारून तोडावीत, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊनच घ्यावं. बाभूळ शोधायला जाल तेव्हा शेतकऱ्याला आधी भेटा एवढंच.

विजयदुर्गहूनच निघणार आहात तर वाघोटण खाडीतली आंग्र्यांच्या काळची खडकात खोदलेली गोदी बघितल्याशिवाय निघू नका.

बाळीवेस
दोनशे वर्षं झाली ती नौदलाच्या जहाजाला, त्यामागं किती माणसं राबली असतील. पण ठीक, मुद्दा मान्य.

मंगळवेढेकरीण
मला एक प्रश्न. कौंडिण्यसारखी शिवायची का नाही मग? शिवलेली होडी म्हणजे खिळ्याची भानगडच नको.

सिंधुसागर
ताई, शिवणं सोपं वाटतं पण पहिल्यांदा करणाऱ्यानं त्यात पडू नये असं मला वाटतं. त्यात आधी फळ्या एकमेकींना शिवून कवच उभं करायचं आणि बरगड्या मागाहून. प्रत्येक भोक समोरच्या भोकाशी जुळलं पाहिजे, दोरी सगळीकडं सारखी ताणलेली पाहिजे, एक टाका ढिला राहिला की ओळच ढिली. टिम सेव्हरिन या ब्रिटिश दर्यावर्दीनं 1980 मध्ये ओमानमध्ये 'सोहार' हे असंच शिवलेलं जहाज बांधलं तेव्हा शिवायला लक्षद्वीपचे कारागीर न्यावे लागले होते, ते जहाज मग मस्कतहून चीनला कॅन्टनपर्यंत गेलं. दुसरं असं की काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, गोड्या पाण्यात लवकर कुजतो. उजनीसाठी खिळाच बरा. तांब्याचा मिळाला तर फारच छान.

करमाळकर
सगळं वाचलं. दादांच्या हौसेला माझा पाठिंबा आहे, पण मी काठावरचा माणूस आहे म्हणून बोलणं भाग आहे. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या रात्री आमच्या भागातला एकही माणूस झोपला नाही. लांबून बघणाऱ्याला बॅकवॉटर म्हणजे शांत तळं वाटतं, पण वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर आभाळ काळं झालं की वारा कुठनं उठेल सांगता येत नाही, दहा मिनिटांत डोक्याएवढ्या लाटा. शीड असलेली होडी तर वाऱ्याला जास्तच धरते.

तेव्हा एक, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, होडीत ठेवलेलं नाही, अंगात. दोन, एप्रिल-मे-जूनमध्ये शीड उभारू नका. तीन, शीड एका हातानं एका झटक्यात खाली पडलं पाहिजे, दोरीला गाठ मारून बसू नका. चार, पाणी उतरलं की खालची जुनी गावं, देवळं, विहिरींचे कठडे आणि झाडांची खोडं वर येतात, काही पाण्याखाली वीतभर असतात. पळसदेवचं देऊळ सगळ्यांना माहीत आहे, पण नाव नसलेल्या भिंती कितीतरी आहेत. स्थानिक मच्छीमाराला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि जलसंपदा खात्याला लेखी अर्ज आधी द्या.

भीमाकाठ
करमाळकर, तुमचा एकेक शब्द लिहून घेतला. तिघांची जॅकेटं लाकडाच्या आधी घेणार. शीड पाडायची दोरी कशी ठेवायची ते सिंधुसागर सांगा.

सिंधुसागर
डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीतून आलेली दोरी खाली खुंटीला नुसते आठाच्या आकारात फेरे देऊन ठेवायची, शेवटची गाठ नाही. फेरे सोडले की ज्याला शीड बांधलेलं असतं तो बांबू शिडासकट खाली. बाकी करमाळकर म्हणतात ते सगळं खरं.

एक जोडतो. आमचं तिरकं तिकोनी शीड समुद्रावर फार सुंदर चालतं कारण वारा तासन्‌तास एका बाजूनं असतो. बाजू बदलायची तर अख्खा बांबू डोलकाठीच्या पलीकडं न्यावा लागतो. तलावावर वारा सारखा फिरतो, तिथं त्यानं जीव मेटाकुटीला येईल. उजनीवर शिकताना शीड निम्मंच ठेवा.

लूमवाला
शिडाचं मी घरी विचारलं. आमचे मामा गिरणीत होते, जुन्या गिरणीतल्या गोष्टी अजून सांगत बसतात. ते म्हणाले कापड उभं-आडवं ताणत नाही, तिरकं ताणतंय. म्हणून अखंड मोठ्या पन्ह्याचं (रुंदीचं) कापड घेऊन शीड बेतलं की वाऱ्यानं त्याचं पोतं होतंय. दोन-दोन फुटाच्या पट्ट्या पाडून, डबल शिवण मारून जोडायच्या, आणि मागची मोकळी कड पट्टीच्या उभ्या धाग्याच्या रेषेत ठेवायची. कडेनं दोरी शिवून घ्यायची. आणि कोरं कापड आधी धुऊन आटवून घ्या मालक, नाहीतर पहिल्या पावसात शीड आखडतंय.

मंगळवेढेकरीण
बुरशीचं काय करणार? सुती कापड ओलं घडी घातलं की चार दिवसांत काळे ठिपके.

इतिहासवेडा
कोकणात सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढायचे, ऐनाची साल वगैरे. सालीतल्या टॅनिनमुळं कुजत नाही, तपकिरी रंग येतो. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर, चामडं कमवायला तीच तर वापरायचे. बरगड्यांसाठी बाभूळ तासणारच आहात, साल फेकू नका.

भीमाकाठ
वा! एकाच झाडातून बरगडी पण आणि शिडाचा रंग पण. हे ऐकून बरं वाटलं.

गणितवाली_बाई
शाळेत विज्ञान शिकवते. एक हिशोब करून दिला तर चालेल ना? तुमच्या होडीचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर धरलं, तर दर 100 किलो वजनाला होडी गोड्या पाण्यात सव्वादोन सेंटीमीटर खाली बसेल. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड असतं, तिथं किंचित कमी. म्हणजे उजनीत भरलेल्या होडीची कड पाण्यापासून जेवढी वर राहील त्यापेक्षा समुद्रात जराशी जास्तच वर राहील. पण समुद्राच्या लाटा बघता तो फरक धरू नका.

पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, तिघं, चार दिवस, 48 लिटर. अडकलात तर म्हणून दुप्पट न्या, 96. म्हणजे नुसत्या पाण्यानं होडी दोन सेंटीमीटर बसली. पण ते वजन तळात मधोमध ठेवलं तर होडी स्थिर राहायला मदतच होईल. एका मोठ्या पिंपात नको, पाच-पाच लिटरचे कॅन घ्या आणि बांधून ठेवा, पिंपातलं पाणी हिंदकळलं की होडी एका बाजूला झुकते.

करमाळकर
बाई, तुमच्यासारख्या शिक्षिका आम्हाला असत्या तर आम्ही पण शिकलो असतो.

उखळातली_चटणी
शिदोरीचं अजून कुणीच बोललं नाही म्हणून आले. आमच्या घरात कडक भाकरी करून विकतात, तीस वर्षं झाली.

भीमाकाठ भाऊ, जुने खलाशी कडक बिस्किटं न्यायचे ना, आपली ज्वारीची कडक भाकरी तीच गोष्ट आहे आणि चवीला कितीतरी वर. पण नेहमीसारखी करून चालणार नाही. पातळ थापायची, पापडासारखी, वर तीळ, तव्यावर दोन्हीकडून भाजायची, फुगू द्यायची नाही, कापडाच्या बोळ्यानं दाबत राहायचं. मग चुलीच्या कडेला उभी करून मंद धगीवर वाळवायची. मोडली की कट्‌ आवाज आला पाहिजे. वाकली तर पाणी राहिलंय, ती पहिल्याच दिवशी खाऊन टाका. पीठ मालदांडीचं घ्या.

इथं सोलापुरात ती महिनाभर काही होत नाही. समुद्रावर मात्र सादळणार. खारट दमट हवा लागली की दोन तासांत चामट. म्हणून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तळाला कोरड्या कढईत भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून, वर भाकरी, झाकण घट्ट. एक मोठा डबा नको, चार दिवसांचे चार डबे, ज्या दिवशीचा त्या दिवशी उघडायचा. गणितवाली बाईंनी पाण्याचं सांगितलं तेच भाकरीला पण.

शेंगा चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, मिक्सरची नको, तिला वास लवकर येतो. हुलग्याचं पीठ न्या, संध्याकाळी किनाऱ्याला लागलात की गरम माडगं करायला. कांदा, गूळ, लिंबं. लोणच्यावर भरवसा ठेवू नका, ताजी लिंबंच न्या. आणि डाळिंब! जाड सालीचं फळ, उन्हात पण आत गार, टिकतं चांगलं, तहान भागते.

चंद्रभागेचा_लेक
ताई, भूक लागली वाचून.

मंगळवेढेकरीण
मालदांडी म्हटल्यावर मंगळवेढ्याचीच घ्या. आमच्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. पीठ मी पाठवते, पैसे नकोत.

सिंधुसागर
वाऱ्याचं राहिलं. विजयदुर्ग ते मालवण म्हणजे दक्षिणेला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, त्याच्यावर खाडीतून बाहेर पडायचं. अकरानंतर तो पडतो, तासभर होडी नुसती डुलत राहते, तेव्हा जेवून घ्यायचं. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा लागतो, तो तुमच्या पाठीवर येईल. चारच्या आत देवगड किंवा आचऱ्याच्या खाडीत शिरायचं, अंधारात खाडीच्या तोंडाशी जायचं नाही. पहिल्या खेपेला मी येतो बरोबर. तिघांतला एक मी धरा.

बाळीवेस
भीमाकाठ, मी फायबर म्हणत होतो ते मागं घेतो. माझ्याकडं वडिलांचे जुने रंधे आहेत, एक गोल बुडाचा पण आहे. पडून आहेत. घेऊन जा.

भीमाकाठ
मंडळी, डोळे भरून आले. आता कुठवर आलं ते सांगतो.

रविवारी करमाळकरांबरोबर टेंभुर्णीच्या बाजूला काठावर जाऊन आलो. पाणी आत्ता लांब गेलंय, ओली काळी भेगाळलेली जमीन, मध्येच कुणाच्या तरी घराचा उंबरा. धरण भरल्यावर पाणी कुठवर येतं ती रेघ त्यांनी दाखवली. त्या रेघेच्या वर एका शेतकऱ्याची चिंच आहे आणि चिंचेखाली सावलीत वीस फूट सपाट जागा. मालकाशी बोलणं झालं. होडी तिथंच बांधायची, सोलापुरात नाही. फळ्या रोज ओल्या पोत्याखाली. श्रावण-भाद्रपदात धरण भरलं की पाणीच चिंचेजवळ येतं, होडी उचलून न्यायची गरज नाही, पुढं ढकलली की झालं.

त्याच शेताच्या बांधावर बाभळीची फांदी सापडली, पुठ्ठा लावला तर दोन बोटांचा फरक. मालक पैसे घेईनात, म्हणाले पहिल्या फेरीला माझ्या आईला बसव, तिचं माहेर पाण्याखाली गेलंय, त्यावरून एकदा जायचंय तिला.

तर उखळातली चटणी ताई, विजयदुर्गच्या आधी उजनीच्या त्या फेरीसाठी भाकरी लागतील. चार माणसं, एक वेळ.

उखळातली_चटणी
बारा देते. त्या आजींसाठी चार मऊ वेगळ्या बांधून ठेवते, दात नसतील तर.